पाण्याचा काटा मधोमध होता, तरी इंजिन का गेलं?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत बसल्यावर कळलंय की हेडफोन घरीच राहिलाय, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे काय की" मी बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहास कसला? जुन्या डिझेल गाडीला ऑइलच्या तापमानाचा सेन्सर बसवायचा, एवढंच. यूट्यूबवर दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत की. पण मी तो बसवायला शिवाजी उद्यमनगरात गेलो, आणि एका साध्या प्रश्नात अडकलो. डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा असतो, मग ऑइलचा का नसतो? त्याचं उत्तर शोधताना मी शंभर-दीडशे वर्षं मागे गेलो, आणि त्यातला बराच रस्ता आपल्या कोल्हापुरातूनच जातो.

आधी प्रसंग सांगतो, म्हणजे हा किडा डोक्यात कुठून आला ते कळेल.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. देवगडहून कोल्हापूरला परत येत होतो. घरचे पाच जण, डिकीत आंब्याच्या पेट्या. गाडी जुनी डिझेल, बिनटर्बोची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, आमची होती. वैभववाडी सोडली, करूळ घाट लागला. एसी फुल, पुढे ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरवरून वर जायलाच तयार नाही. गगनबावड्यात थांबून चहा घेऊया असं आई म्हणाली, पप्पा म्हणाले घरीच पिऊ. कळ्याच्या अलीकडे इंजिनातून खडखड यायला लागली. पप्पांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? टेम्परेचरचा काटा. तो मधोमध, नेहमीच्या जागी. "गरम झाली नाही," म्हणाले, आणि चालवत राहिले. दोनेक किलोमीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला, आणि गाडी बाजूला घेईपर्यंत सगळं संपलं होतं.

उद्यमनगरात इंजिन उघडलं तेव्हा मी तिथे उभा होतो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जागेवरून फिरलं होतं आणि क्रँक खाल्ला होता. मेस्त्रींनी (नाव लिहू नको म्हणालेत) ते बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. नखासारखं पातळ, अर्धगोल, एका बाजूनं काळंनिळं पडलेलं. म्हणाले, "हे बघ लेका, ह्ये पाण्यानं न्हाई मेलं. तेलानं मेलं."

ऑइल बदलायची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली होती. पट्टीवर लेव्हल खालच्या खुणेला टेकलेली. ४५ हजार रुपये गेले. पण मला पैशापेक्षा जास्त काय लागलं माहितीये? काटा मधोमध होता. मी दिवसभर सर्व्हरचे डॅशबोर्ड बघतो. एखादा सर्व्हर जळत असताना डॅशबोर्ड हिरवा दाखवत असेल, तर आम्ही आधी तो डॅशबोर्ड लिहिणाऱ्याला शोधतो. तर आज आपण त्यालाच शोधतोय.

काटे यायच्या आधी काय होतं, तिथून सुरू करू. माणसाचा हात होता.

कोल्हापूरचं इंजिनशी नातं उसामुळे जुळलं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि कोल्हापूर गुळाचं मोठं केंद्र झालं. गूळ म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पाणी, आणि पंचगंगा-भोगावतीचं पाणी खाली, शेत वर. मोटेनं किती उपसणार? मग नदीकाठी ऑइल इंजिन आली. आपल्याकडची जुनी माणसं अजून "इंजान" म्हणतात. आधी ती विलायतेहून यायची. तीच इंजिन पाणी उपसायची, आणि हंगामात गुऱ्हाळाचा चरक पण फिरवायची.

इंजिन बिघडलं की विलायतेहून पार्ट यायची वाट बघणं परवडणारं नव्हतं. ऊस थांबत नाही. म्हणून आपले मेस्त्री पार्ट घडवायला लागले, आणि पार्ट घडवता घडवता अख्खं इंजिन. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात आजही आदरानं घेतली जातात. आजूबाजूलाही तेच चाललं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली होती. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं, आणि हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे प्रीमियर पण होते. म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री. डिझेल इंजिन बनवणारा मुख्यमंत्री आपल्याकडे होऊन गेलाय, शाळेत कुणी सांगितलं नाही मला. मग १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्यात खडकीला ऑइल इंजिनचा कारखाना काढला. सातारा, किर्लोस्करवाडी, कोल्हापूर, सगळं एका दिवसात फिरून येता येईल एवढ्या टापूत.

त्या इंजिनांवर टेम्परेचरचा काटा नसायचा. पंपानं उपसलेल्या पाण्यातलं थोडं पाणी इंजिनाच्या जाकिटातून फिरवून पुन्हा पाटात सोडायचे. इंजिन किती तापलंय हे बघायचं असेल तर त्या बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरायचा. हात ठेवता आला तर ठीक. भाजला तर पाणी वाढव. आणि तेल? दोन बोटांत चोळून बघायचं. बोटं घसरली पाहिजेत, पण मध्ये काहीतरी आहे असं वाटलं पाहिजे. नुसतं पाण्यासारखं लागलं तर तेल संपलं, पट्टी काही का दाखवेना.

मी मेस्त्रींना विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ते म्हणाले, "शिकवतंय कोण? भाजलं की कळतंय."

पण ही पद्धत चालायची त्याचं कारण इंजिन सावकाश होतं. मिनिटाला हजाराच्या आत-बाहेर फेरे, जड फ्लायव्हील, आणि माणूस शेजारीच बांधावर बसलेला. तेच डिझेल इंजिन गाडीच्या बॉनेटखाली गेलं आणि माणूस काचेच्या मागे गेला, तिथून हात लावायची सोय संपली.

गाडीत डिझेल यायला वेळ लागला. रुडॉल्फ डिझेलचं चालणारं इंजिन १८९७ चं, जर्मनीतल्या ऑग्सबुर्गचं, आणि ते होतं माणसापेक्षा उंच. कारमध्ये मावेल असं डिझेल इंजिन घेऊन मर्सिडीजची २६०-डी १९३६ मध्ये आली. तिला मुख्य गिऱ्हाईक मिळालं ते टॅक्सीवाल्यांचं. इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच कंपनीचं पुढच्या काळातलं ओएम-६१६ नावाचं डिझेल इंजिन पुण्याच्या बजाज टेम्पोनं परवान्यावर घेतलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. आणि ट्रॅक्स म्हणजे काय? आपलं वडाप. म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं मर्सिडीजच्या इंजिनावर प्रवास केलाय, पंधरा जण आत आणि दोघं मागं लोंबकळत.

असो. काट्याकडे येऊ.

सगळ्या काट्यांचा बाप म्हणजे १८४९ ची एक फ्रेंच युक्ती. युजेन बूर्दाँनं दाखवलं की चपटी, वाकवलेली धातूची नळी आतून दाब वाढला की सरळ व्हायला बघते. जत्रेतली कागदी पिपाणी आठवा, फुंकली की उलगडते, तसं. नळीच्या टोकाला काटा जोडला की झाला दाबाचा गेज. बॉयलरवर, पंपावर, पंक्चरवाल्याच्या हवेच्या मशीनवर, आजही बऱ्याच ठिकाणी आत हीच नळी आहे. आणि तापमानासाठी? लांब बारीक नळीच्या टोकाला एक बल्ब, त्यात ईथरसारखं पटकन वाफ होणारं द्रव. बल्ब तापला, वाफेचा दाब वाढला, काटा हलला. वीज नको, वायर नको. जुन्या गाड्यांचे टेम्परेचर गेज असेच असायचे, आणि ती बारीक नळी एकदा दुमडली की गेज भंगारात.

आता मुद्द्याची गोष्ट. बल्ब घालायचा कुठे? पाण्यात की तेलात?

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात रस्त्यावर माणूस अडकायचा तो रेडिएटर उकळला म्हणून. वाफ दिसायची, सगळ्यांना दिसायची. अमेरिकेत १९१० च्या दशकात हॅरिसन बॉइस नावाच्या माणसानं रेडिएटरच्या झाकणावरच थर्मामीटर बसवलं, मोटोमीटर त्याचं नाव. ड्रायव्हरनं काचेतून पुढे बघायचं, लाल रेघ किती चढली ते. जुन्या फोटोतल्या गाड्यांच्या नाकावर जे गोल काहीतरी उभं दिसतं, ते बरेचदा हेच. लोकांना ते आवडलं, आणि "गाडी तापली" याचा अर्थ "पाणी तापलं" असा पक्का झाला, तो आजपर्यंत.

तेल मात्र आत, झाकलेलं. ते तापलं तर वाफेचा लोट येत नाही, शिट्टी होत नाही. ज्यांच्याकडे पाणीच नव्हतं त्यांनी मात्र तेलाकडे बघितलं. हवेनं थंड होणाऱ्या विमानाच्या इंजिनाला ऑइल टेम्परेचरचा गेज लागतोच, नियमानं. पोर्शेची १९६४ ची ९११, तिचं इंजिन हवेनं थंड होणारं, तिच्या डॅशबोर्डवर तो काटा होता. पाण्यावर चालणाऱ्या साध्या कारला तो कुणी दिला नाही. का? पैसे, हे एक कारण. पण माझं मत विचाराल तर दुसरं कारण जास्त खरं आहे. तो काटा खूप हलतो. आणि हलणारा काटा गिऱ्हाइकाला घाबरवतो.

हे मी हवेत बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप बघा, जिच्या जुळणीपासून महिंद्राचा जीपचा धंदा १९४७ मध्ये सुरू झाला. तिच्या डॅशवर पाच गेज: वेग, पेट्रोल, अँपिअर, पाण्याचं तापमान, आणि ऑइलचा दाब. सैनिकाला माहिती हवी होती. पुढे घरगुती गाड्यांत ऑइल प्रेशरचा काटा गेला आणि त्या जागी दिवा आला. तो अल्लादिनच्या चिरागासारखा लाल दिवा. तो ज्या स्विचवर चालतो, तो साधारण अर्धा बार किंवा त्याहून कमी दाबाला लागतो. इंजिन पळत असताना बेअरिंगला हवा असतो त्याच्या कितीतरी पट दाब. म्हणजे दिवा लागतो तेव्हा तो इशारा नसतो, पंचनामा असतो.

मग पाण्याच्या काट्याची पाळी आली. इलेक्ट्रिक गेज आले, पुढे त्यांच्यामागे इलेक्ट्रॉनिक्स आलं, आणि काट्याला शिस्त लावली गेली. साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत काहीही असो, काटा मधोमध ठेवायचा. खऱ्या तापमानाबरोबर काटा वर-खाली झाला की लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात, म्हणून. सॉफ्टवेअरवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? अलर्ट जास्त येतात म्हणून थ्रेशोल्ड वाढवून ठेवणे. मी पण हे केलंय, कबूल करतो.

तर डॅशबोर्ड लिहिणारा सापडला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला तुम्ही निवांत गाडी चालवावी असं वाटत होतं.

आता तेलाकडे. बेअरिंग आणि क्रँक एकमेकांना टेकतच नाहीत, म्हणजे सगळं ठीक असेल तर. दोघांच्या मध्ये तेलाचा थर असतो, काही मायक्रॉनचा, केसापेक्षा बराच पातळ. त्या थरावर क्रँक तरंगतो. थर टिकतो तेलाच्या दाटपणावर, आणि दाटपणा तापमानावर. तेलाच्या दाटपणाची वर्गवारी अमेरिकेतल्या एसएई या संस्थेनं १९११ मध्ये सुरू केली. आपण दुकानात "पंधरा डब्ल्यू चाळीस द्या" म्हणतो, तो आकडा तिथून आलाय. डब्ल्यू म्हणजे विंटर. अशा तेलाचा दाटपणा ४० अंशांना साधारण १०० ते ११० सेंटिस्टोक्स असतो, आणि १०० अंशांना फक्त १२.५ ते १६.३ च्या मध्ये. एवढी घसरण. १२५-१३० अंशांना ते अजून पातळ होतं, आणि साधं मिनरल ऑइल त्या तापमानाला राहिलं तर लवकर म्हातारं होतं.

पाण्याला थर्मोस्टॅट आहे, फॅन आहे, रेडिएटर आहे. ते ९० च्या आसपास टिकवलं जातं. आमच्या गाडीत तेलाला असलं काही नाही. त्याला पिस्टनखालची उष्णता मिळते, बेअरिंगमधल्या घर्षणाची मिळते, आणि ती सोडायला जागा म्हणजे चेंबरचा पत्रा, ज्याच्यावर वारा लागला तर लागला. घाटात वीसच्या स्पीडनं चढताना कुठला वारा? म्हणून पाणी ९० ला स्थिर आणि तेल वर वर जातंय, असं होऊ शकतं. त्यात तेल कमी आणि जुनं, मग पुढचं तुम्हाला माहितीये.

तर मी ठरवलं, तेलाचं तापमान मोजायचं. नव्या गाड्यांत ओबीडी पोर्टला डोंगल लावून बरंच काही वाचता येतं. आमच्या गाडीत पंप मेकॅनिकल, वाचायला ईसीयूच नाही. म्हणजे सेन्सर घालणं आलं.

सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. त्याची गोष्टही जुनी आहे. मायकेल फॅरडेनं १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाईडवर प्रयोग करताना बघितलं की हे उलटंच आहे, तापल्यावर वीज जास्त सोपी वाहते. धातूंचं बरोबर याच्या विरुद्ध. त्यातून धंद्यात चालेल असा थर्मिस्टर बनायला जवळजवळ शतक गेलं, १९३० मध्ये सॅम्युएल रूबेननं तो केला. आज तो पितळी बोल्टमध्ये भरून काही शे रुपयांना मिळतो. थंड असताना शेकडो ओहम, शंभरच्या पुढे काही दहा ओहम.

बसवायच्या जागा तीन. ऑइल फिल्टर आणि ब्लॉकच्या मध्ये सँडविच प्लेट घालायची, ही बाहेर सगळ्यात लोकप्रिय. तेल बेअरिंगकडे जातानाच मोजलं जातं. पण दोन जास्तीचे सील, म्हणजे गळतीच्या दोन जास्तीच्या जागा. दुसरी, तेल मोजायच्या पट्टीच्या नळीतून थर्मोकपल आत सोडायचा. जुगाड म्हणून बरा, कायमचा नको. तिसरी, ऑइल सोडायचा जो चेंबरचा नट असतो, त्यातच सेन्सर बसवायचा. आमच्या गाडीत तो नट मागच्या बाजूला तोंड करून आहे, म्हणजे स्पीडब्रेकरला लागायची भीती कमी. मी तिसरी निवडली.

मेस्त्रींनी जुना नट हातात घेतला, आटे मोजले, षटकोनी सळी लेथला लावली आणि अर्ध्या तासात नवा नट करून दिला. बाहेरून गाडीचे आटे, आतून सेन्सरचे. आतले आटे निमुळते असतात, पाइपसारखे, आणि भिंत दोन मिलिमीटरची राहते. टॅप मारताना त्यांनी श्वास धरला होता, मी पण. इथे एक सांगतो. या शहरात शेकड्यांनी फाउंड्र्या आहेत, शिरोलीला पिस्टन बनतात, गोकुळ शिरगावला इंजिनाची बेअरिंगं बनतात. एक सेन्सर बसवायला मला एकही पार्ट बाहेरून मशीन करून आणावा लागला नाही. पुण्यातल्या मित्राला हाच अडॅप्टर ऑनलाइन मागवायला तीन आठवडे लागले. नाद खुळा म्हणायला हरकत नाही.

कॅलिब्रेशन घरी केलं. आधी उकळत्या पाण्यात. आता पाणी १०० ला उकळतं असं पाठ केलेलं असतं, पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहे, त्यामुळे इथे ते ९८ च्या आसपास उकळतं. दोन अंश कुठे गेले म्हणून मी कोडमध्ये तासभर शोधत बसलो होतो. शंभरच्या वरचे आकडे आईच्या कढईत, शेंगतेलात, शेजारी मल्टीमीटरचा प्रोब धरून. आई म्हणाली, तेल आता तळणाला चालेल का? (१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. मी हे आईला सांगितलं. उपयोग झाला नाही.)

आणि मग मी चूक केली. गळती नको म्हणून सेन्सरच्या आट्यांना भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली, नळाला गुंडाळतात तशी. तेलाचा थेंब गळला नाही. पहिल्या दिवशी रंकाळ्याला चक्कर मारली, आकडे बरे वाटले. रविवारी आंबा घाटात गेलो तर स्क्रीनवर ६८. घाटाच्या डोक्यावर पण ६८-७०. पप्पा खूश. "बघ, काही तापत नाही." मी पण क्षणभर खूश झालो, खोटं कशाला बोलू?

मग लक्षात आलं. हा एका वायरचा सेन्सर, त्याची अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होते, आणि टेपनं ती अर्धवट तोडली होती. म्हणजे मध्ये काही दहा ओहमचा जास्तीचा अडथळा. सेन्सर थंड असताना त्याचा स्वतःचा आकडा शेकड्यांत, तेव्हा हे मिसळून जातं, कळत नाही. तापल्यावर तो स्वतःच काही दहा ओहमवर येतो, आणि तेव्हा ही चूक दुप्पट दिसते. आणि दिसते कुठल्या दिशेला? जास्त ओहम म्हणजे थंड. म्हणजे तेल जितकं जास्त तापेल, तितकं माझं यंत्र जास्त खोटं बोलणार, आणि धीर देणारं खोटं. ज्या डॅशबोर्डवाल्याला मी शिव्या घालत होतो, तेच मी स्वतःच्या हातानं बनवलं होतं.

टेप काढली. निमुळते आटे स्वतःच सील होतात, नटाखाली तांब्याचा वायसर पुरतो. नटापासून ब्लॉकपर्यंत वेगळी अर्थची वायर टाकली. कोडमध्ये एक ओळ वाढवली: पाणी गरम असून वीस मिनिटांत तेल ८० ला पोचलं नाही तर आकडा दाखवायचाच नाही, प्रश्नचिन्ह दाखवायचं.

आता खरे आकडे. आमच्या गाडीचे, आमच्या चेंबरमधले. बेअरिंगमधून बाहेर पडणारं तेल याहून गरमच असणार, हे लक्षात ठेवा. सकाळी राजारामपुरीतून निघून चार किलोमीटरवर ऑफिस, पाण्याचा काटा तोवर मधोमध, तेल जेमतेम ५५. हिवाळ्यात तर ५० पण नाही. म्हणजे आम्ही "गाडी कमी चालते, ऑइल कशाला बदलायचं" म्हणायचो ते उलटं होतं. तेल तापलंच नाही तर त्यात जमलेलं पाणी आणि अर्धवट जळलेलं डिझेल उडून जात नाही, तिथेच राहतं. पुणे-बंगळूर हायवेला शंभरच्या स्पीडनं कागलपासून निपाणीपर्यंत, १११. हे मला अनपेक्षित होतं, कारण गाडी अगदी निवांत वाटते. करूळ घाट, मे, एसी चालू, पाच माणसं: १२३. पाण्याचा काटा? विचारू नका.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव करण्यापेक्षा नवी गाडी घ्या. घेतली असती. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं आणि छोट्या डिझेल गाड्या बाजारातून जवळजवळ गेल्याच. मारुतीनं तर डिझेल बंदच केलं. आमच्या गाडीची पंधरा वर्षं झाली, ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांचं पासिंग वाढवून घेतलंय. इंजिन आता पाव मिलिमीटर घासलेल्या क्रँकवर चालतंय. अजून एकदा घासता येईल, मेस्त्री म्हणतात, त्यापुढे नाही. उद्यमनगरात त्यांच्या दुकानात पूर्वी सहा माणसं होती, आता दोन आहेत. मुलगा बंगळूरला आहे, माझ्याच लाइनमध्ये.

यंत्र बघायला ते एकदा गाडीत बसले होते. रंकाळ्याहून फुलेवाडी नाक्यापर्यंत. स्क्रीनकडे बघितलं नाही, बॉनेट उघडायला लावलं, पट्टी काढली आणि तेल बोटांत चोळलं. "नव्वदच्या आसपास हाय. अजून हजारभर किलोमीटर चाललं, मग बदल." स्क्रीनवर ८७ होतं. हजार किलोमीटरचं स्क्रीनवर काहीच नव्हतं. तो आकडा काढायला मी अजून झटतोय. तापमानाचा लॉग ठेवून तेलाचं वय मोजता येईल असं वाटतंय, जमलं तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा देवगड झालं, तीच माणसं, तेवढ्याच पेट्या. करूळ घाटात १८ ची उतारू गाडी पुढे, आम्ही दुसऱ्या गिअरला. ११९ झालं तसं पप्पांनी न सांगता एसी बंद केला. आईनं काच खाली घेतली. गगनबावड्यात १२१ ला पोचलो, गाडी सावलीत लावली, इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं तसंच ठेवलं. चहा आला, भजी आली. पप्पा टेबलावरून उठून दोनदा गाडीपाशी जाऊन आकडा बघून आले. वीस मिनिटांनी म्हणाले, "शहाण्णव. चला."